मास्तर व्हायला निघालेला मुलगा

हुशार मुलाने "मी मास्तर होणार" असे म्हटले, की आपल्याकडे घरात क्षणभर शांतता पसरते. दुसरे काही जमले नाही तर मास्तरकी आहेच, अशी आपली समजूत! आमच्या शेजारची मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली आणि प्राध्यापिका व्हायचे म्हणाली, तेव्हा तिचे वडील सल्ला मागायला माझ्याकडे आले. मी पडलो मराठीचा मास्तर. रसायनाचे ज्ञान यथातथाच. म्हणून सल्ल्याऐवजी मी त्यांना एक गोष्ट सांगितली.

दिमित्री मेंडेलीव्ह १८३४ साली सैबेरियातल्या तोबोल्स्क गावी जन्मला. वडील तेथील शाळेचे प्रमुख. पण त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली. आईने काचेचा कारखाना चालवून संसार ओढला. १८४७ साली वडील वारले, १८४८ साली कारखाना जळाला. पुढच्याच वर्षी ती माउली धाकट्याला घेऊन दोन हजार किलोमीटरांहून दूरच्या मॉस्कोला निघाली. तेथील विद्यापीठाने मुलाला घेतले नाही. मग पीटर्सबर्ग! तेथे शिक्षक घडवणारी एक सरकारी संस्था होती. वडीलही तिथेच शिकलेले. १८५० साली तिथे त्याला प्रवेश मिळाला आणि थोड्याच दिवसांत आईने डोळे मिटले.

संस्था विद्यापीठाच्याच इमारतीत होती. रसायन शिकवायला वोस्क्रेसेन्स्की यांच्यासारखे गुरू लाभले. १८५५ साली सुवर्णपदक मिळवून हा तरुण शाळामास्तर म्हणून दक्षिणेत सिम्फेरोपोलला गेला. पाहतो तो क्रिमियाच्या युद्धामुळे शाळाच बंद! मग ओडेसाला मास्तरकी केली.

१८६७ साली तो पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे मनाजोगते पुस्तक मिळेना, म्हणून स्वतःच लिहायला बसला. तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. पहिल्या भागात हायड्रोजन, ऑक्सिजन अशी मोजकीच उरकली. बाकी सारी दुसऱ्या भागासाठी शिल्लक. सोडियम-पोटॅशियमच्या कुटुंबानंतर कोणाला बोलवायचे? उद्या वर्गासमोर उभे राहायचे असलेल्या कोणाही मास्तरला पडणारा हा प्रश्न. अणुभारांचा क्रम लावता लावता १८६९ साली त्यातून आवर्तसारणी हाती आली!

मला मौज वाटते ती पुढची. सारणीत जागा रिकाम्या राहिल्या, तिथे अजून न सापडलेली मूलद्रव्ये असणार, असे त्याने सांगितले आणि त्यांना नावे देताना आपल्या संस्कृतातला 'एक' उचलला: एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. १८७५ साली गॅलियम, १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले. तिन्ही जागा भरल्या.

गोष्ट संपली. गृहस्थ म्हणाले, "ते खरे हो, पण नोकरीचे काय?"

मी काही लपवले नाही. एम. एस्सी. व्हायचे, मग सेट किंवा नेट. त्यानंतरही अनेकांची वर्षे तासिका तत्त्वावर जातात, हातात पडते ते तासांच्या हिशेबाने. हे सारे ठाऊक असून ती जात असेल, तर अडवू नका, एवढेच म्हणालो.

ते उठले. दारात मुलगी उभी होती. तिने सारे ऐकले असावे. बापाने चपला पायात सरकवीत तिला विचारले, "एम. एस्सी.चा फॉर्म कधी भरायचा म्हणालीस?"