एक गेलं तर दुसरं आहेच?

मैदानावर कुणी दोन इंजिनांचं मॉडेल विमान आणलं की थोड्या वेळात ते वाक्य कानावर येतंच: "हे बरंय, एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर खाली आणता येतं." बोलणारा बघ्यांपैकी असेल तर हसून सोडून देता येतं. पण हेच वाक्य किट विकणारे ऐकवतात, वर्षानुवर्षं एकइंजिनी विमानं उडवणारे ऐकवतात, आणि त्यावर विसंबून नवा माणूस बाल्सा, एपॉक्सी आणि महिनोन्‌महिन्यांच्या संध्याकाळी खर्ची घालतो. म्हणून एकदा हे सविस्तर लिहायलाच हवं.

आधी साधा हिशोब. समजा, तुमचं ग्लो इंजिन ५० उड्डाणांत एकदा हवेत बंद पडतं. तशीच दोन इंजिनं लावली तर त्यांतलं एखादं बंद पडण्याची वेळ साधारण २५ उड्डाणांत एकदा येणार. म्हणजे भानगड कमी झाली नाही, दुप्पट झाली. आता ती आल्यावर दुसरं इंजिन तारतं का, एवढंच पाहायचं.

एकइंजिनी विमानाचं इंजिन बंद पडलं तर त्याचं ग्लायडर होतं. नाक किंचित खाली ठेवायचं, समोर मोकळी जागा बघायची आणि उतरवायचं. हे सगळ्यांना जमतं. दोनइंजिनी विमानाचं एक इंजिन बंद पडून दुसरं पूर्ण जोरात राहिलं तर मात्र बैलजोडीतला एक बैल जागीच बसावा आणि दुसऱ्याने ओढत राहावं तसं होतं. गाडी पुढे जात नाही, बसलेल्या बैलाकडे वळते.

किती जोराने वळते, ते आकड्यांत पाहू. डाकोटाचं, म्हणजे डग्लस डीसी-३चं उदाहरण घेऊ, कारण किटमध्ये ते फार लोकप्रिय आहे. शिवाय २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवणारं विमान म्हणून आपल्याकडे त्याच्याबद्दल वेगळी आपुलकीही आहे. खऱ्या डाकोटाच्या पंखांचा विस्तार ९५ फूट. १:१४ प्रमाणातल्या मॉडेलमध्ये तो साधारण दोन मीटर होतो आणि प्रत्येक इंजिन मध्यरेषेपासून सुमारे २० सेंटिमीटर दूर बसतं. एका इंजिनाची ओढ २ किलो धरली, तर विमानाला फिरवणारा जोर झाला ४० किलो-सेंटिमीटर. रडर ८० सेंटिमीटर मागे असेल तर विमान सरळ ठेवायला त्याने अर्ध्या किलोचा आडवा जोर द्यायला हवा. आता रडरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी ६० किलोमीटरला तो अर्धा किलो मिळत असेल तर ताशी ४२ ला त्याच्या निम्माच मिळणार. आणि प्रॉपेलरची ओढ? वेग कमी असताना ती उलट वाढते. म्हणजे टेकऑफनंतर लगेच, विमान हळू, नाक वर, थ्रॉटल पूर्ण, अशा वेळी फिरवणारा जोर सर्वाधिक आणि आवरणारा सर्वांत कमी. आणि ग्लो इंजिनाचं इंधन-हवेचं मिश्रण पातळ (इंधन कमी) झालेलं असेल तर ते नेमकं याच वेळी दगा देतं.

खऱ्या विमानांत या मर्यादेला 'व्हीएमसी' म्हणतात. एका इंजिनावर विमान ताब्यात ठेवता येईल असा तो किमान वेग. छोट्या दोनइंजिनी विमानांच्या वेगमापकावर त्यासाठी लाल रेघ असते आणि एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढण्याच्या वेगासाठी निळी. आपल्या मॉडेलमध्ये ना लाल रेघ, ना निळी. पायलट शंभर मीटरवर उन्हात डोळे बारीक करून उभा असतो आणि दोन इंजिनांच्या आवाजातून एक गेल्याचंही बऱ्याचदा त्याच्या लक्षात येत नाही.

त्याला दिसतं एवढंच, की पंख झुकला. समजा, उजवं इंजिन गेलं आणि उजवा पंख खाली आला. हात आपोआप डावा एलेरॉन देतो. त्यासरशी उजव्या पंखाचा एलेरॉन खाली येतो, त्या पंखाचा ड्रॅग वाढतो आणि नाक आणखी उजवीकडे वळतं. वेग कमी असेल तर तोच पंख आधी स्टॉल होतो. मग विमान पाठीवर पडतं आणि गरगरत खाली येतं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. पुढे चहाच्या टपरीवर 'सिग्नल गेला असणार' अशी चर्चा होते.

करायचं काय? पहिलं काम, थ्रॉटल खाली. दोन्हींचा. म्हणजे ज्या इंजिनावर घरी येणार होता तेच आधी गप्प करायचं. फिरवणारा जोर गेला, विमान पुन्हा ग्लायडर झालं. नाक खाली, वेग राखायचा, पंख सरळ. उंची आणि वेग शिल्लक असेल तर मग रडर देत थोडा थोडा थ्रॉटल वाढवून बघायचा. उंची नसेल तर समोर दिसेल तिथे उतरवायचं. एका इंजिनावर मॉडेल उडूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. हलकं विमान, मोठा रडर, वेग आणि सरावलेला हात असेल तर उडतं. तसे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. ज्यांची विमानं उसात शिरली ते व्हिडिओ टाकत नाहीत.

इथे हमखास प्रश्न येतो: मग प्रवासी विमानं कशी येतात एका इंजिनावर? येतात, कारण ती क्षमता मुद्दाम मागितली गेली आणि मुद्दाम बांधली गेली. याची कथा डाकोटाच्याच घराण्यातली आहे. १९३२ मध्ये अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीने नव्या विमानासाठी पत्र पाठवलं तेव्हा तिला खरं तर तीन इंजिनांचं विमान हवं होतं आणि अट होती, की पूर्ण वजनासह, एक इंजिन बंद असतानाही, कंपनीच्या कुठल्याही विमानतळावरून ते उडालं पाहिजे. डग्लसने दोन इंजिनांचं डीसी-१ बनवलं. १९३३ मध्ये ॲरिझोनातल्या विन्स्लोहून उडताना एक इंजिन बंद करून ते अल्बुकर्कपर्यंत नेऊन दाखवलं, तेव्हा कुठे खात्री पटली. आजच्या दोनइंजिनी प्रवासी विमानांना तर प्रमाणपत्रासाठी टेकऑफला एक इंजिन गेल्यावर, चाकं आत घेतलेल्या अवस्थेत, दर १०० मीटर पुढे जाताना किमान २.४ मीटर चढून दाखवावं लागतं. त्यासाठी इंजिनात तेवढी जादा ताकद ठेवलेली असते.

छोट्या दोनइंजिनी विमानांची गोष्ट वेगळी आहे आणि आपली मॉडेलं त्यांच्या जवळची. अमेरिकेच्या एफएएची 'एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक' ही प्रशिक्षणपुस्तिका स्पष्ट सांगते, की अशा विमानाचं एक इंजिन गेलं तर चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहून अधिक घटते. निम्मी ताकद गेल्यावर निम्मं नुकसान व्हायला हवं, असं वाटतं. पण विमान चढतं ते सरळ उडायला लागणारी ताकद वगळून उरलेल्या ताकदीवर. एकूण ताकद १००, सरळ उडायला ४०, तर शिल्लक ६०. एक इंजिन गेलं की एकूण ५०, शिल्लक १०. साठाचे दहा झाले. त्यातून थांबलेल्या किंवा वाऱ्याने फुकट फिरणाऱ्या प्रॉपेलरचा आणि तिरप्या उडणाऱ्या धडाचा ड्रॅग वजा करा. खऱ्या विमानाला बंद इंजिनाच्या प्रॉपेलरची पाती वाऱ्याच्या धारेत वळवण्याची सोय असते. आपल्या लाकडी प्रॉपेलरला ती नसते.

तेव्हा किट बांधताना सगळी अक्कल खर्च करायची ती इंजिन बंद पडू नये यावर. इंधनाच्या टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या सुईच्या पातळीला हवी. नॅसेलमध्ये, म्हणजे पंखावरच्या इंजिनाच्या कवचात, जागा अरुंद असते म्हणून टाकी एखाद्या इंचाने खाली ढकलून देण्याचा मोह होतो. तो आवरायचा, कारण नाक वर झालं की तेच इंजिन आधी उपाशी मरतं. दोन्ही बाजूंच्या नळ्या सारख्या लांबीच्या, मिश्रण किंचित दाट. पूर्ण थ्रॉटलवर विमानाचं नाक आकाशाकडे धरून बघायचं. आवाज बसला तर सुई आणखी उघडायची. थ्रॉटलचे दोन सर्व्हो एका वाय-वायरवर न जोडता वेगवेगळ्या चॅनलवर ठेवावेत, म्हणजे प्रत्येक इंजिन वेगळं जुळवता येतं आणि वेगळं बंदही करता येतं. उभा पंख आणि रडर मूळ विमानाच्या प्रमाणापेक्षा थोडा मोठा केला तर स्पर्धेतला पंच गुण कापेल, पण विमान राहील.

आणि नॅसेलच्या फायरवॉल बाहेरच्या बाजूला दोन-तीन अंश वळलेल्या दिसल्या तर त्या 'सरळ' करू नका. किट बनवणाऱ्याची ती चूक नाही. उजवं इंजिन उजवीकडे, डावं डावीकडे बघतं, त्यामुळे ओढीची रेषा गुरुत्वमध्याच्या जवळून जाते आणि एक इंजिन गेल्यावर फिरवणारा जोर कमी होतो. पॉलिश पेपरने घासून त्या काटकोनात आणणारे कारागीर मी पाहिलेत. कारागिरी सुंदर होती.

दुसरा जुना हट्ट म्हणजे दोन्ही इंजिनं अगदी एका आवाजात चालली पाहिजेत. कान फार खवचट असतो. दोन पात्यांचे प्रॉपेलर १०,००० आणि १०,०६० फेऱ्यांवर फिरत असतील तर त्यांच्या आवाजाच्या लहरी एकमेकांवर आदळून सेकंदाला दोनदा 'वाँव-वाँव' ऐकू येतं आणि लोक सुईशी खेळत बसतात. ओढीतला फरक किती? फेऱ्यांत ०.६ टक्के, ओढीत साधारण १.२. तेवढ्याने विमानाचं काही बिघडत नाही. २०० फेऱ्यांच्या फरकाने ४ टक्के होतो, तोही रडरच्या एका खटक्याने जातो. टॅकोमीटरने साधारण जुळवा आणि सोडून द्या. वाँव-वाँव थांबवण्यासाठी एका इंजिनाचं मिश्रण पातळ करणं म्हणजे आवाजासाठी इंजिनाचा बळी देणं.

"पण आता सगळं इलेक्ट्रिक आहे." खरंय, ब्रशलेस मोटर ग्लो इंजिनापेक्षा कितीतरी भरवशाची. तरी सैल बुलेट कनेक्टर, ईएससीचा (मोटरच्या वेग-नियंत्रकाचा) कच्चा सोल्डर आणि थ्रॉटलचं न केलेलं कॅलिब्रेशन यांना ते माहीत नसतं. सर्वांत वाईट रचना म्हणजे दोन नॅसेलमध्ये दोन स्वतंत्र बॅटऱ्या. एक थोडी जुनी असते, तिचा व्होल्टेज आधी उतरतो, तिचा ईएससी मोटर बंद करतो आणि दुसरी बाजू पूर्ण जोरात. धडात एकच सामाईक बॅटरी ठेवली तर दोन्ही जवळपास एकाच वेळी थकतात. मात्र ती दोन्हींचा भार पेलणारी हवी: ३० ॲम्पिअरच्या दोन मोटरना ६० ॲम्पिअर लागतात आणि ४००० एमएएच, २० सी लिहिलेली बॅटरी कागदावर ८० देते. दोन्ही ईएससीमध्ये बीईसी (रिसीव्हरला वीज पुरवणारं सर्किट) असेल, तर बनवणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसताना एकाची लाल तार रिसीव्हरमधून काढून ठेवावी.

आता किरकोळ समजुती. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट वेग: लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे दुप्पट ताकदीला वेग जेमतेम २६ टक्के वाढतो, आणि त्यातलाही काही नॅसेल खातात. प्रॉपेलर उलटसुलट फिरलेच पाहिजेत: डाकोटाचे दोन्ही एकाच दिशेने फिरतात आणि तो जगभर उडाला. पी-३८ लाइटनिंगचे उलट फिरत, पण बाहेरच्या दिशेने, त्यामुळे तिथे कुठलंही इंजिन गेलं तरी सारखंच वाईट. दोन इंजिनं पुढे आहेत म्हणजे नाक जड असणार: इंजिनं पंखापाशी, शेपटी लांब, बरेचदा नाकातच शिसं घालावं लागतं, म्हणून शेपटी हलकी बांधा. डाकोटाच्या पंखाची पुढची कड मागे वळलेली आहे, तेव्हा गुरुत्वमध्य पंखाच्या मुळापाशी मोजू नका, नकाशात दाखवलेल्या जागीच मोजा. छंदाला कायदा लागत नाही: ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेटमधून सूट आहे. पण डिजिटल स्काय या सरकारी हवाई नकाशातले लाल आणि पिवळे भाग तुमच्या डाकोटालाही लागू आहेत.

आणि पहिलंच दोनइंजिनी मॉडेल म्हणून पी-३८ किंवा बी-२५ हवं असेल तर आधी फोमचं साधं ट्विनस्टार घ्या. तीन माणसांच्या उंचीवर नव्हे, चांगलं वर नेऊन एका मोटरचा थ्रॉटल शून्यावर आणून बघा. बाल्सा मग कापा.