निकाल लागला, पण तो टिकला का?

न्यायाधीशानें निकाल सांगितला कीं कायदा ठरला, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही पुष्कळ वेळां आढळते. वर्तमानपत्रांत ठळक मथळा येतो, वडील मंडळी चष्मा लावून तो मोठ्यानें वाचतात, आणि चहाचा पेला खालीं ठेवण्यापूर्वींच वाड्याची वाटणी तोंडीं होऊन जाते. सोलापुरांत सात रस्त्यावर उतरलेल्या परगांवच्या पाहुण्यास आपली वाट कोणती हें विचारण्याची लाज वाटत नाहीं. मात्र एकाच कायद्यावर चार निवाडे झाले असतां त्यांपैकीं आज चालू कोणता, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सोलापूरकरांनीं तरी ह्या बाबतींत सावध असावयास हवें. नव्या राज्यघटनेखालीं मालमत्तेच्या हक्काविषयीं जे पहिले मोठे तंटे सर्वोच्च न्यायालयापुढें गेले, त्यांतील दोन ह्याच गांवच्या एका गिरणीवरून उद्भवले होते.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे गांवकऱ्यांची 'जुनी गिरणी', १८७४ सालीं स्थापन झाली. १९४९ च्या ऑगस्ट महिन्यांत चालकांनीं ती बंद केली आणि हजारों कामगारांच्या चुली थंडावल्या. त्यावर ९ जानेवारी १९५० रोजीं, म्हणजे घटना अमलांत येण्यास अवघे सतरा दिवस उरले असतां, सरकारनें वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांच्या हातीं दिला. एप्रिलमध्यें वटहुकुमाची जागा कायद्यानें घेतली. शेअर भागधारकांचेच राहिले, परंतु संचालक निवडण्याचा त्यांचा अधिकार गेला.

चिरंजितलाल चौधरी नांवाच्या एका भागधारकानें थेट सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. एकाच कंपनीसाठीं कायदा करणें हा समतेचा भंग होय, असें त्याचें म्हणणें. ४ डिसेंबर १९५० रोजीं पांच न्यायमूर्तींपैकीं तिघांनीं कायद्याच्या बाजूनें मत दिलें, दोघांनीं विरुद्ध. अर्ज फेटाळला गेला. त्या दिवशीं कोणीही म्हटलें असतें कीं प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता. नव्या संचालकांनीं प्रेफरन्स शेअरवरील न भरलेल्या रकमेपैकीं हप्ता मागितला, तेव्हां द्वारकादास श्रीनिवास ह्या दुसऱ्या भागधारकानें तो देण्याचें नाकारून मुंबईस दावा लावला. उच्च न्यायालयांत तो हरला. पुढें १८ डिसेंबर १९५३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचें अपील मान्य केलें. कारभार अशा रीतीनें काढून घेणें म्हणजे मोबदल्यावांचून मालमत्ता घेणेंच होय, असें ठरून तोच कायदा घटनाबाह्य झाला. त्यावर सरकारनें १९५५ सालीं चवथी घटनादुरुस्ती करून घेतली, आणि मालकी न बदलतां व्यवस्थापन कांहीं मुदतीपुरतें हातीं घेण्यास भरपाईची आडकाठी राहिली नाहीं. पुढें तर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादींतूनच निघाला. ज्यानें १९५० चें कात्रण जपून ठेवलें त्याच्यापाशीं अर्धीच हकीकत, आणि १९५३ चें ठेवणाऱ्यापाशींही अर्धीच!

गिरणीचे शेअर सर्वांच्या घरीं नसतात. मुली मात्र असतात. वडिलोपार्जित मालमत्तेंत मुलीस मुलाच्या बरोबरीनें जन्मतः हक्क देण्याचा कायदा आपल्या महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून केला, पण त्या तारखेपूर्वीं लग्न झालेल्या मुलींना वगळलें. ९ सप्टेंबर २००५ पासून मध्यवर्ती कायद्यानें हा भेद काढून टाकला. मग वाद निघाला कीं, वडील त्यापूर्वींच वारले असतील तर काय? ऑक्टोबर २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं सांगितलें कीं त्या तारखेस वडील व मुलगी दोघेंही हयात पाहिजेत. फेब्रुवारी २०१८ मध्यें दुसऱ्या दोघांनीं, वडील २००१ सालीं वारले असतांही मुलींना वांटा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा ह्यांच्या खटल्यांत तिघांच्या पीठानें निर्णय दिला कीं हक्क जन्मानें येतो, वडील हयात असण्याची जरूरी नाहीं. २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदलेल्या दस्तानें किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानें पुऱ्या झालेल्या वाटण्या मात्र कायम राहिल्या; तोंडी वाटणीची सबब सहसा चालणार नाहीं, असेंही सांगितलें. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत ही निराळी गोष्ट. तिचें मृत्युपत्र ते करूं शकतात.

आतां समजा, एका भगिनीचे वडील १९९९ सालीं वारले आणि २०१६ सालीं 'तुला कायद्यानें भावांइतका जन्मतः हक्क मिळत नाहीं' असें सांगून भावांनीं तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली. त्या दिवशीं त्या सल्ल्यास २०१५ च्या निकालाचा आधार होता. चार वर्षांनीं कायद्याचा अर्थ बदलला, पण निबंधकाच्या कचेरींत नोंदलेली सही आपोआप पुसली जात नाहीं. ती रद्द करून घेणें हें मोठें जिकिरीचें काम. सही करण्यापूर्वीं कोणी इतकेंच विचारलें असतें कीं, निकाल किती न्यायमूर्तींचा, आणि हाच प्रश्न दुसऱ्या कोठें प्रलंबित आहे काय, तर कदाचित् ती थांबली असती. मोठ्या पीठाचा निर्णय लहान पीठास बांधतो, हा नियम वकिलांपुरता ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं.

ह्यासाठीं घरांत एक साधी वही असावी, असें आम्हांस वाटतें. दागिन्यांची यादी आपण ठेवतोंच. तिच्या शेजारीं ही राहील. खटल्याचें नांव, तारीख, न्यायालय, पीठ किती जणांचें, अपील अथवा स्थगिती आहे काय, एवढें पुरे. पूर्वीं निवाडे पाहावयाचे तर वकिलांच्या कपाटांतील जाड ग्रंथांखेरीज गत्यंतर नसे. आतां सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात; कांहींचीं मराठी भाषांतरेंही आहेत, जरी प्रमाण मानावयाचा तो इंग्रजी पाठच. सरकारी आदेशांचें तसेंच. भ्रमणध्वनीवर फिरत येणाऱ्या 'नवीन शासन निर्णया'वर संकेतांक व दिनांक नसेल, किंवा तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर सांपडत नसेल, तर तो मजकूर शेजाऱ्यास पाठवूं नये. आणि अधिसूचनेची तारीख व ती अमलांत येण्याची तारीख ह्या दोन निरनिराळ्या असूं शकतात, हें ध्यानांत ठेवावें.

सोलापूरकरांस आणखी एक टीप करून ठेवावी लागेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ कोल्हापुरास सुरू झालें असून सोलापूर जिल्हा त्याच्याकडे जोडला आहे. तेव्हां आपल्या जिल्ह्यांतील अपिलाचा शोध घेतांना मुंबई कीं कोल्हापूर, हा रकाना वहींत आतां नव्यानें आंखावा.