जनुकांची नोंद आणि कर्नाळ्याभोवतीचे रस्ते

महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज २०२२च्या देशव्यापी गणनेतून निघाला. २०१८ साली तो १,६९० होता. आकडा वाढला म्हणजे बिबट्याचं बरं चाललं आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय बिबट्यांचा जनुकीय अभ्यास पाहिला, तर हा दिलासा फार तोकडा वाटू लागतो. डीएनए तपासून संशोधकांनी देशातल्या बिबट्यांचे चार वेगळे गट ओळखले, आणि गेल्या सव्वाशे ते दोनशे वर्षांत त्यांची संख्या ७५ ते ९० टक्क्यांनी घसरली असावी, असा निष्कर्ष काढला. त्या काळात बिबटे कुणी मोजले नव्हते. ही घसरण कळली ती आजच्या जनावरांच्या पेशींतून. आज मला सांगायचं आहे ते हे, की नुसत्या गणनेवर धोरण बेतलं तर ते उशिराच जागं होतं.

जनुकीय विविधता मोजणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. प्राण्याला पकडावंही लागत नाही. विष्ठा, केस, गळालेलं पीस पुरतं. त्यातल्या डीएनएच्या ठरावीक जागांवर आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती किती वेळा वेगळ्या निघतात, हे पाहायचं. त्यावरून प्रजननात खरोखर वाटा असलेली संख्या, म्हणजे प्रभावी संख्या, काढता येते, आणि ती डोक्यांच्या संख्येपेक्षा बहुधा बरीच कमी भरते. प्रभावी संख्या ५० असेल तर दर पिढीला विविधतेचा सुमारे १ टक्का गळतो. १० असेल तर ५ टक्के. रोगाची साथ आली किंवा पाऊसमान बदललं, की त्याला तोंड देण्याचं बळ याच विविधतेतून येतं. म्हणूनच २०२२च्या डिसेंबरमध्ये माँट्रियल इथे झालेल्या जागतिक जैवविविधता करारात प्रभावी संख्या ५००पेक्षा जास्त असलेल्या समूहांचं प्रमाण हा एक प्रमुख निर्देशांक ठरला. भारतही त्या करारात आहे.

आता पनवेलकडे पाहा. कर्नाळा अभयारण्य जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं, १९६८ साली जाहीर झालेलं, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातूनच जातो. ईशान्येला प्रबळगड आणि माथेरानचे डोंगर समोर दिसतात, पण मध्ये द्रुतगती मार्ग आहे, जुना मुंबई-पुणे रस्ता आहे, पनवेल-कर्जत रेल्वे आहे, आणि या सगळ्यांच्या आजूबाजूला वाढत जाणारी वस्ती. एवढ्याशा जंगलात मोठ्या सस्तन प्राण्यांचा टिकाऊ समूह स्वतंत्रपणे राहूच शकत नाही. तेव्हा कर्नाळ्याचं भवितव्य त्याच्या हद्दीबाहेर ठरतं. अभयारण्याची सीमा राखली म्हणजे काम झालं, ही समजूत मला इथे सर्वांत धोक्याची वाटते.

यावर एक आक्षेप असा, की कर्नाळा पक्ष्यांसाठी आहे आणि पक्षी उडून जातात. सगळे जात नाहीत. पश्चिम घाटातल्या डोंगरमाथ्यांवरच्या २३ पक्षीजातींचा २०१५चा अभ्यास सांगतो, की पालघाटसारख्या रुंद खिंडीने त्यांतल्या कित्येक जातींचे समूह एकमेकांपासून तोडले आहेत. खिंड लाखो वर्षांची आणि द्रुतगती मार्ग २००२चा, ही तुलना अर्थातच सरळ नाही. पण दाट रानाच्या तळाशी वावरणारा पक्षी मोकळी जागा ओलांडायला कचरतो, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज नमुने तपासले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बिबट्यांत फरक दिसलाच नाही, तर? तसं होण्याची शक्यता चांगलीच आहे, कारण पिढ्या थोड्याच उलटल्या आहेत. मात्र त्याचा अर्थ रस्ता निरुपद्रवी आहे असा होत नाही. म्हणून मोजणीची सुरुवात लवकर पिढ्या बदलणाऱ्या जीवांपासून, रानउंदरांपासून आणि बेडकांपासून, व्हायला हवी. त्यांच्यात तुटलेपण आधी दिसेल. बिबट्याचे नमुने तेव्हाच जपून ठेवावेत, म्हणजे वीस वर्षांनी तुलना करायला काही हाती राहील.

पैशांचा प्रश्न उरतो. गस्तीला माणसं कमी असताना प्रयोगशाळेवर खर्च कशाला, असं वनरक्षकानेच विचारलं तर ते रास्त आहे. तो खर्च वनखात्याच्या तुटपुंज्या तरतुदीतून करूच नये. रस्ता बांधणाऱ्याच्या प्रकल्पखर्चात तो धरावा आणि परवानगीच्या अटींत लिहावा. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी खालून जाण्याच्या नऊ वाटा बांधाव्या लागल्या, आणि आज वाघ त्या वापरतात. कान्हा-पेंच पट्ट्यातून वाघांची जनुकं अजून इकडून तिकडे जातात, हे २०१३च्या संशोधनाने दाखवलं होतं, त्यामुळे तिथे नेमकं काय वाचवायचं आहे हे सांगता येत होतं. शिवाय फार मोठी वर्दळ लागतच नाही. दर पिढीला बाहेरून एखाददुसरं जनावर येऊन प्रजननात सामील झालं, तरी दोन समूह फार दुरावत नाहीत. मे २०२३मध्ये दोन वाघिणींना नवेगाव-नागझिऱ्यात नेऊन सोडलं गेलं, तसं प्राणी उचलून नेणं वाघाच्या बाबतीत जमतं. कर्नाळ्यातल्या भेकराला, साळिंदराला, सरड्याला कोण उचलून नेणार आहे? त्यांच्यासाठी रस्त्याखालची मोरी रुंद आणि कोरडी ठेवणं, तिच्या दोन्ही तोंडांशी झाडी राखणं, आणि ते पलीकडे पोहोचून तिथे पिल्लं देतात की नाही हे दर काही वर्षांनी डीएनएवरून तपासणं, एवढंच करता येईल, आणि ते रस्त्याच्या कुठल्याही रुंदीकरणाचं काम पुरं होण्याआधी सुरू व्हायला हवं.