भंगारवाला वेफर्सचं पाकीट का घेत नाही?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'आपल्या सवयी आणि पर्यावरण' असा विषय दिला की मुलं 'प्लॅस्टिक वापरू नका' एवढं लिहून मोकळी होतात. पण सगळं प्लॅस्टिक सारखं नसतं, हे सांगायचं राहूनच जातं. या वेळी वर्गात एक दुधाची रिकामी पिशवी आणि एक वेफर्सचं रिकामं पाकीट शेजारी ठेवा आणि विचारा, भंगारवाला यातलं काय घेईल?

दुधाची पिशवी घेईल. ती पॉलिथिन या एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची असते. ते वितळवून दाणे करता येतात, दाण्यांपासून पुन्हा वस्तू बनतात. म्हणून तिला किलोवर भाव आहे. (पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका बरं! तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.)

वेफर्सच्या पाकिटाचं तसं नाही. आतली चमक म्हणजे अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, त्यावर प्लॅस्टिकचे आणखी थर. ओल आणि हवा आत जाऊ नये, वेफर्स कुरकुरीत राहावेत, म्हणून ते घट्ट चिकटवलेले असतात. ते सुटे करणं इतकं खर्चिक आहे की सहसा कुणी त्या वाटेला जात नाही. शाम्पूची पुडी, सॉसची पुडी यांचीही बहुतेक तीच गत. शिवाय त्यांना वजनच नसतं. एक किलो भरायला शेकडो पुड्या वेचाव्या लागतील. कचरा वेचून पोट भरणाऱ्या बाईला हे परवडणार कसं? मग पुडी गटारात जाते, नाहीतर जाळली जाते.

२६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी तुंबायला कारणं बरीच होती, पण प्लॅस्टिकने भरलेले नाले सगळ्यांच्या डोळ्यांवर आले. पुढे २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली. त्यात आपल्या हातातली पिशवी अडली. कारखान्यातूनच भरून येणारी पाकिटं मात्र सुटली.

इथे एक सांभाळा. पुडी घेणाऱ्याला बोल लावू नका. रोजंदारीवरच्या घराला एकदम बाटली घेणं जमत नाही, आणि पुष्कळदा पुडीतलं शाम्पू बाटलीपेक्षा स्वस्तच पडतं. तुमच्या वर्गातही अशा घरातली मुलं असतील. सवय बदलायची तर ज्यांना जमतं त्यांनी आधी बदलावी. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटांऐवजी डबाभर लाडू आणता येतात. चिवडा, शेव, शेंगदाणे अजूनही सुटे मिळतात, डबा घेऊन गेलात तर दुकानदार त्यात देतो.

आणि मोठ्या मुलांना आणखी एक काम द्या. पाकिटाच्या मागे कंपनीचा पत्ता छापलेला असतो. 'हे रिकामं पाकीट तुम्ही परत कसं नेणार?' असं विचारणारं पत्र त्यांना लिहू द्या. औपचारिक पत्रलेखन तसंही शिकवायचंच आहे.