माळाची माती आणि झाडाचा पाला

इस्लापूरजवळ पैनगंगा सहस्रकुंडावरून कोसळते. पावसाळ्यात ते पाणी गढूळ असते. त्यात आपल्याच उघड्या माळांची माती असते. अशा माळावर झाडे लावली की जमीन आपोआप सुधारते, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे.

झाड हवेतील कार्बन घेऊन पाने, लाकूड व मुळे घडविते. पाने व बारीक मुळे कुजली म्हणजे त्यातील काही भाग मातीत राहतो. तो पाणी धरतो, अन्नद्रव्ये साठवितो. परंतु खड्डे खणल्याने असलेला कार्बनही पहिल्या काही वर्षांत घटू शकतो. पुढे वाढ होते, ती प्रथम वरच्या वीतभर थरात.

नेमका याच थराचा घास आपण आगीला देतो. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून पाला पेटविला, की त्यातील बरेचसे नत्र धुराबरोबर उडून जाते. पालाश व चुना राखेत उरतात, तेही वळवाच्या पावसात उतारावरून वाहून जातात.

वेचणाऱ्यास दोष देऊन काय होणार? त्याचे पोट त्या फुलांवर आहे. पाला झाडून बाजूला सारला, तरी फुले वेचता येतात. सागाच्या जोडीला खैर, करंज लावावेत. त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. साग तोडला, तर निदान डहाळ्या व पाला रानातच ठेवावा. लाकडाबरोबर जमिनीचा चुना जातो, तेवढा पुरे.

किती रोपे लावली, हे आपण दरवर्षी मोजतो. त्यांखाली पाला किती उरला, हेही पाहू या.