दोन ठिपके व एक फुली

शिशुवर्गासाठीं चित्रपुस्तकें विकत घेण्याचा विषय आमच्या शाळेंत निघाला म्हणजे एक आक्षेप ठरलेला असतो. पुस्तक चाळून पाहणारे गृहस्थ पानें भराभर उलटतात, एका बाजूस चार ओळी व दुसऱ्या बाजूस एक ससा एवढेंच पाहून पुस्तक मिटवितात आणि विचारतात, "मास्तर, हा ससा तर आमचा धाकटाही काढील, मग याला इतके पैसे कशाचे?" प्रश्न रास्त आहे. पैसा खर्च करणारास मोबदला विचारण्याचा अधिकार असतो. ज्या पुस्तकांत झाडाचें पान न् पान रंगविलेलें आहे व राजवाड्याच्या खिडक्या मोजून घेतां येतात, तें त्याच किंमतीस मिळत असतां, पांढऱ्या कागदावर दोन ठिपके व एक फुली काढून केलेलें तोंड कोणीं कां विकत घ्यावें, याचें उत्तर शिक्षकांनीं दिलें पाहिजे. तें देण्याचा प्रयत्न आम्ही येथें करीत आहों.

ज्या सशाविषयीं हा आक्षेप आहे तो (खरें म्हणजे ती, कारण ती मुलगी आहे) हॉलंडांतील. इंग्रजी आवृत्तींत तिचें नांव मिफी. मूळ डच नांव नैन्त्ये. डच भाषेंत छोट्या सशास 'कोनैन्त्ये' म्हणतात, आणि बोबड्या तोंडांत पहिलें अक्षर गळून पडलें म्हणजे उरतें तें 'नैन्त्ये'. आपल्याकडे चिमणीची चिऊ व कावळ्याचा काऊ झाला तो ह्याच वाटेनें. तिचा जनक डिक ब्रूना हा उट्रेख्ट शहरीं इ. स. १९२७ सालीं जन्मला व तेथेंच २०१७ सालीं वारला. समुद्रकांठच्या एग्माँड या गांवीं सुटींत राहिला असतां, वाळूच्या टेकड्यांत दिसलेल्या एका सशाच्या गोष्टी तो आपल्या लहान मुलाला सांगत असे. त्यांतून १९५५ सालीं पहिलें पुस्तक निघालें. पुढें या मालेचीं भाषांतरें पन्नासांहून अधिक भाषांत झालीं व साडेआठ कोटींहून अधिक प्रती खपल्या. जपानांत ती १९६४ सालींच जाऊन पोंचली व तेथें घरोघरची झाली.

ब्रूना हा प्रकाशकांच्या घराण्यांतला. मुलानें पेढी चालवावी अशी बापाची इच्छा. म्हणून धंदा शिकण्यास त्याला लंडन व पॅरिस येथें पाठविलें, तर हा पॅरिसांत चित्रें पाहत हिंडला. शेवटीं तडजोड अशी झाली कीं, तो पेढींत राहिला, पण चित्रकार म्हणून. पेढीच्या स्वस्त, खिशांत मावणाऱ्या पुस्तकांच्या मालेसाठीं त्यानें सुमारें दोन हजार मुखपृष्ठें केलीं. हें काम आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. गाडी पकडण्याच्या घाईंत असलेल्या मनुष्याला पुस्तक कोणतें तें एका दृष्टिक्षेपांत कळलें पाहिजे. तेथें तपशील कामास येत नाहीं. इन्स्पेक्टर मेग्रे यांच्या कथांसाठीं त्यानें तंबाखूच्या पाइपाची आकृति वापरली, आणि वाचक तेवढ्यावरून पुस्तक ओळखूं लागले.

त्याच सुमारास त्यानें दक्षिण फ्रान्समधील व्हाँस गांवचें, मातीस या थोर चित्रकारानें जोगिणींच्या मठासाठीं सजविलेलें छोटें प्रार्थनामंदिर पाहिलें. तें १९५१ सालीं पुरें झालें. तेथील भिंतींवर पांढऱ्या फरश्या आहेत व त्यांवर केवळ काळ्या रेषांनीं काढलेल्या आकृति. सेंट डॉमिनिकचा झगा आहे, हात आहे, पुस्तक आहे. चेहऱ्याच्या जागीं मात्र एक रिकामी लांबट वर्तुळाकृति, डोळे नाहींत कीं नाक नाहीं. मातेच्या व बालकाच्या चित्रांतही तसेंच. चित्रकाराला चेहरा काढतां येत नव्हता असें कोण म्हणेल? पाहणारानें आपली भक्ति तेथें ठेवावी एवढी जागा त्यानें मोकळी सोडली आहे. हें मंदिर पाहिल्याचा ब्रूनावर खोल परिणाम झाला, आणि मिफीचा चेहरा आमच्या मतें त्या भिंतीचा लहानसा नातलग आहे.

आतां तो चेहरा नीट पाहूं. डोकें म्हणजे एक रुंद, किंचित् दबलेला गोल. त्यावर दोन उभे कान. डोळे म्हणजे दोन उभट ठिपके, एकमेकांपासून बरेच दूर व कपाळ मोठें वाटेल इतके खालीं. त्यांच्या मध्यें, आणखी खालीं, एक फुली. ती फुली नाक व तोंड दोन्ही समजावी. भुंवया नाहींत, गाल नाहींत, छाया नाहीं. अंग बाजूस वळलेलें असो, ती घसरगुंडीवर असो कीं सायकलीवर, तोंड नेहमीं वाचकाकडेच असतें. रंग मोजके : तांबडा, पिवळा, निळा व हिरवा, पुढें हत्तीसाठीं करडा व कुत्र्यासाठीं तपकिरी हे दोन आले, तेही नाइलाजानें आल्यासारखे. पुस्तक चौकोनी, बाजू सुमारें सोळा सेंटिमीटर, म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या दोन हातांत बसेल एवढें. चित्रें बारा.

हें सर्व पहिल्या झटक्यांत साधलें असें मात्र कोणीं समजूं नये. १९५५ सालची मिफी निराळी होती. कापडी खेळण्यासारखी, कान थोडे लोंबते, अंगाची ठेवण ढिली. आज आपण जी ओळखतों ती १९६३ सालीं पुन्हां काढली गेली, आणि चौकोनी आकारही तेव्हांच आला. म्हणजे आठ वर्षांत चित्रांत भर पडली नाहीं, घट झाली. आणि ही घट करणें हेंच काम होतें. ब्रूना प्रथम पातळ कागदावर पुनः पुनः आकृति काढी, मनाजोगी झाली म्हणजे ती दाबून खालच्या जाड कागदावर उमटवी, आणि मग कुंचल्यानें काळ्या रंगाची रेषा अगदीं सावकाश ओढी. ती रेषा भिंगाखालीं पाहिली तर कडेला बारीक कंप दिसतो. यंत्रानें ओढलेल्या रेषेंत तो नसतो, आणि म्हणूनच ह्या चित्राच्या सुबक नकला निर्जीव वाटतात. रंगासाठीं तो रंगीत कागद कापून रेषेखालीं बसवी. हीही युक्ति मातीसच्या कात्रणांची आठवण करून देणारी आहे.

"आमचा धाकटाही काढील" ह्या म्हणण्याची परीक्षा आम्हीं एकदां करून पाहिली. पांचवीच्या वर्गास मिफीचें चित्र पांच मिनिटें दाखवून पुस्तक मिटलें व तें स्मरणानें काढावयास सांगितलें. चाळीस कागद आले आणि चाळीस निरनिराळे प्राणी आले! एकाचे डोळे जवळ आले, तर ससा लबाड झाला. दुसऱ्याचे वर गेले, तर तो वयानें मोठा, जवळजवळ हेडमास्तर दिसूं लागला. फुली थोडी मोठी झाली तेव्हां तोंडाला टांका घातल्यासारखें वाटलें. एका हुशार मुलानें भुंवया काढल्या, आणि त्या क्षणापासून तो ससा सदैव रागावलेला राहिला. दुसरें कांहीं होण्याची त्याला मुभाच उरली नाहीं. ज्या चित्रांत शंभर रेषा आहेत त्यांत दहा चुकल्या तरी खपतात. ज्यांत सारे मिळून डझनभर आहेत त्यांत एक केसभर सरकली तर सर्व बिघडतें. वर्गांतील मुलांना ही गोष्ट आमच्या व्याख्यानाशिवाय समजली.

लहान मुलास हा चेहरा इतका कां भावतो याचीं कांहीं कारणें शास्त्रज्ञांनीं शोधलीं आहेत. नवजात बालकाला स्पष्ट दिसतें तें सुमारें वीस ते तीस सेंटिमीटरांवरचें, म्हणजे अंगावर पितांना आईचें तोंड जेथें असतें तेथपर्यंतचें. आणि तेंही बारकाव्यांचें नव्हे, उजेड व काळोख यांच्या ठळक भेदाचें. मार्क जॉन्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जन्मून तासही न झालेल्या बालकांपुढून डोक्याच्या आकाराचे फलक हळूहळू सरकविले. ज्या फलकावर दोन डोळे, नाक व तोंड यांच्या साध्या आकृति यथास्थित होत्या, त्याच्या मागें बालकांनीं डोळे व मान अधिक फिरविली. त्याच आकृति विस्कटून मांडल्या तेव्हां तितकी नाहीं. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनीं १९४३ सालींच दाखविलें होतें कीं, मोठें डोकें, उंच कपाळ व खालीं असलेले डोळे ही ठेवण पाहिली कीं मोठ्या माणसाच्या मनांत वात्सल्य उत्पन्न होतें. मग मिफी मुलाला कां आवडते व पुस्तक घेणाऱ्या आईलाही कां आवडते हें ध्यानांत येईल.

पण आमच्या मतें खरें कारण याहून पुढचें आहे. स्कॉट मॅक्‌क्लाउड या अमेरिकन चित्रकथाकारानें १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत असा विचार मांडला आहे कीं, हुबेहूब चेहरा पाहतांना आपण दुसऱ्या कोणास पाहतों, आणि दोन ठिपक्यांचा चेहरा पाहतांना त्यांत स्वतःच शिरतों. तपशील जितका अधिक तितकी ती व्यक्ति परकी. कुरळ्या सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, गालांवर वांग असलेली मुलगी ही एकच मुलगी असते. पांढरा गोल कोणीही होऊं शकतो. हॉलंडांत जन्मलेला ससा जपानी मुलांना आपलासा वाटावा व आमच्या शिशुवर्गांतल्या पोरांनाही वाटावा, याचें नवल म्हणूनच वाटत नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. साधेपणाच्या नांवाखालीं बाजारांत पुष्कळ आळसही विकला जातो. गोल डोकें, मोठे डोळे व कायमचें हसूं असलेले प्राणी दप्तरांवर, डब्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर सर्वत्र दिसतात. कायमचें हसूं ही ब्रूनानें टाळलेली मुख्य गोष्ट आहे. हसरें तोंड मुलाला काय वाटावें तें आधींच ठरवून टाकतें. फुली ठरवीत नाहीं.

ह्या फुलीची कसोटी लागते ती १९९६ सालच्या पुस्तकांत. त्यांत मिफीची आजी वारते. सारें घर रडतें, आजोबाही रडतात. आजी शवपेटींत निजल्यासारखी दिसते. मग दफन होतें, आणि शेवटीं मिफी आजीच्या थडग्यापाशीं जाऊन तिच्याशीं बोलते. चार वर्षांच्या मुलांसाठीं असें पुस्तक काढावें काय, असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं, कारण मृत्यु चार वर्षांच्या मुलाचें वय पाहून घरांत येत नाहीं. मोठी माणसें मात्र वय पाहून त्याच्याशीं बोलण्याचें टाळतात. त्या पुस्तकांत मिफीचें तोंड वांकडें झालेलें नाहीं, भुंवया आक्रसलेल्या नाहींत. त्याच दोन ठिपक्यांखालीं अश्रु, एवढाच फरक. परंतु ज्या चेहऱ्यावर एरव्हीं क्वचितच कांहीं हलतें, तेथें एवढेंसें पाणीही फार मोठें दिसतें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील एका लहान मुलीची आजी गांवीं वारली. आईबापांमागें तिला वाढविणारी तीच होती, आणि नदीला पूर असल्यामुळें मुलीला मातीला जातां आलें नाहीं. आठ दिवस ती कोणाशीं धड बोलली नाहीं. वसतिगृहाच्या बाईंनीं एका संध्याकाळीं तें पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलें व ओळींचा अर्थ मराठींत सांगत गेल्या. थडग्याच्या पानावर मुलीनें हात ठेवला व पान उलटूं देईना. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "बाई, ही आजीला सांगतेय, मला यायचं होतं." असें वाक्य त्या पानावर नाहीं. तिनें तें फुलींतून ऐकलें. त्या रात्रीं ती पोटभर रडली, आणि दुसऱ्या दिवशीं आजीच्या पायांतल्या जोडव्यांविषयीं, तिच्या हातच्या भाकरीविषयीं आपण होऊन बोलूं लागली.

हें औषध सर्व वयांस लागू आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. सातव्या आठव्या वर्षीं मुलाला तपशिलाची भूक लागते. इंजिनाला चाकें किती, किल्ल्याचा दरवाजा कोणत्या दिशेस, हें त्यास नेमकें हवें असतें, आणि तेव्हां गच्च भरलेलीं चित्रें त्याच्या पुढें ठेवावीं. पक्ष्यांच्या वा वनस्पतींच्या पुस्तकांत तर साधेपणा हा दोषच होईल. पण शिशुवर्गापुरतें पालकांस आमचें सांगणें असें कीं, हीं छोटीं पुस्तकें उंच फळीवर जपून ठेवूं नयेत, मुलांच्या हाताशीं असावींत. वाचून दाखवितांना "ती आतां दुःखी आहे बरें का" असें समजावून सांगूं नये. तिला काय वाटतें हें मुलालाच विचारावें आणि उत्तर विचित्र आलें तरी दुरुस्त करूं नये. पान उलटण्याचें काम मुलाकडे द्यावें. तें एकाच पानावर पांच मिनिटें थांबलें तर आपणही थांबावें.