पोर्शन झाला, पण कोणाचा?

फेब्रुवारी उजाडला की शिक्षकांच्या खोलीत एकच प्रश्न फिरतो : "तुमचा पोर्शन झाला का?" उत्तर 'झाला' असं आलं की मुख्याध्यापक निश्चिंत, पालक निश्चिंत आणि शाळाभेटीला आलेले केंद्रप्रमुखही निश्चिंत. त्या उत्तरातून कळतं ते इतकंच, की शिक्षक शेवटच्या पानापर्यंत पोचले. मुलं कुठल्या पानावर राहिली याचा त्यात पत्ता नसतो. अभ्यासक्रम राबवण्याविषयीचे आपले बरेचसे गैरसमज इथेच जन्मतात.

त्यांतला सगळ्यांत मुरलेला गैरसमज म्हणजे पाठ्यपुस्तक हाच अभ्यासक्रम. वस्तुस्थिती अशी, की वर्षअखेरीस मुलाला काय यायला हवं हे अभ्यासक्रम ठरवतो, आणि पुस्तक हे तिथवर जायचं एक साधन असतं. एनसीईआरटीने २०१७ मध्ये पहिली ते आठवीच्या अध्ययन निष्पत्ती ठरवून दिल्या. बालभारतीच्या पुस्तकांत त्या सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या असतात, आणि सहसा तीच पानं उलटून सगळे थेट पहिल्या धड्यावर येतात. मुलाला साधा नकाशा वाचता यावा आणि वाटेवरच्या दिशा सांगता याव्यात अशी परिसर अभ्यासाची अपेक्षा असेल, तर शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंतचा रस्ता मुलांकडून काढून घेणाऱ्या बाईंनी पोर्शन सोडलेला नसतो. उलट, धड्यातला नकाशा नुसता दाखवून पुढे गेलेल्या गुरुजींचा तो राहिलेला असतो.

पुस्तक बदललं की शिकवणं आपोआप बदलतं, हाही त्याच जातकुळीचा समज. २०२३-२४ मध्ये राज्यात पुस्तकांमध्येच नोंदींसाठी कोरी पानं घातली गेली. मुलं वह्या आणतच राहिली, आणि २०२५-२६ पासून ती पानं काढून टाकायचं ठरलं.

"पण पोर्शन पुरा करा असं कायदाच सांगतो, मग मुलांसाठी थांबायचं कसं?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि अर्धा बरोबरही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २४ ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करायला सांगतं. पण त्याच कलमातलं लगेच पुढचं उपकलम प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल ते जादा शिकवायलाही सांगतं. पहिलं उपकलम सगळ्यांना पाठ असतं, दुसरं फारसं कोणी काढत नाही. यशपाल समितीने १९९३ मध्येच बजावलं होतं, की दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या मजकुराचं ओझं जास्त घातक असतं. पुढे मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेचा 'बालसखी' उपक्रम तपासला गेला. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना शाळेच्याच वेळेत वर्गाबाहेर नेऊन, त्यांना जिथवर येतं तिथपासून शिकवलं जाई. त्या शाळांतल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. तो अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे वेळ हवाच, आणि तो मोजूनच वापरावा लागतो. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास आहेत, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. वार्षिक नियोजनात हे आकडे बिनचूक बसतात. पण चाचण्या, स्नेहसंमेलन, प्रशिक्षणं, जयंत्या आणि ऑनलाइन माहिती भरणं यांत गेलेल्या तासिका कोणी वजा करत नाही. निवडणूक आणि जनगणना ही कामं तर कायद्यानेच शिक्षकांना लागू आहेत. म्हणून जूनमध्येच खऱ्या तासिका मोजाव्यात आणि कुठल्या घटकावर पुढचे किती घटक उभे आहेत ते पाहावं. स्थानिक किंमत कच्ची राहिली तर हातच्याची वजाबाकी अडते, तीही कच्ची राहिली तर भागाकार अडतो. अशा घटकांना भरपूर तासिका द्याव्यात. मुलं आपली आपण वाचू शकतील असे धडे दोन तासिकांत आटोपले तरी काही बिघडत नाही. सगळ्या धड्यांना सारख्या तासिका वाटणारं टाचण दिसायला नीटस असतं, एवढंच.

'नापास करायचं नाही म्हणजे तपासायचंही नाही' या समजाने मात्र एका पिढीचं नुकसान केलं असं मला वाटतं. मुलाला त्याच वर्गात ठेवू नका, असं कलम १६ म्हणत होतं. कलम २९ त्याच वेळी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन मागत होतं. राज्यात त्यासाठी आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, आणि वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिकाही बाजारात आल्या! २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेता येऊ लागली. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात ती सुरू झाली. तरी त्या दुरुस्तीतही नापास झालेल्या मुलाला आधी जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावीच लागते; ती दिली का, हे पालकांनी शाळेला विचारायला हरकत नाही.

कृतीयुक्त शिक्षण म्हणजे रंगवलेली फरशी, असाही एक समज रूढ झाला. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि गावोगावच्या फरशांवर अक्षरं नि अंक उमटले. रंग उचलणं सोपं होतं. शिक्षकाने गप्प राहून मुलाला चुकू द्यायचं आणि चूक कुठे झाली ते टिपायचं, ही सवय फोटोत येत नाही.

प्रशिक्षणाचंही तसंच. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशी उतरत आलेली माहिती वर्गाच्या दारापर्यंत बरीच पातळ होते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी मुलांच्या पाच-सहा वह्या मधे ठेवून बोललं गेलं, तर तो दिवस सार्थकी लागतो.

आणि शेवटचा समज शहरी आहे : एक वर्ग, एक शिक्षक, एक पुस्तक. कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात. म्हणजे पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत प्रत्येकाकडे किमान दोन इयत्ता. तिथे इयत्तावार वेळापत्रक चाललं तर निम्मी मुलं सतत रिकामी बसतात. अनुभवी शिक्षक विषय एकच घेतात, समजा मोजमाप. पहिलीची मुलं वितीने बाक मोजतात, दुसरीची तोच बाक पट्टीने मोजून आकडे लिहितात, आणि दोघांची उत्तरं वेगळी का आली यावर वर्गात वाद होतो. दोन्ही इयत्तांची पुस्तकं तोवर दप्तरातच असतात.